शाळेची गल्ली आणि दादांचं 'हव'

आमच्या दादांचा आवाज असा होता की ते चामोर्शीत नुसते खाकरले तरी वैनगंगेच्या पलीकडच्या गावातली कुत्री उठून उभी राहायची. यात मी पदरचं एक कुत्रंही घातलेलं नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो, आणि व्हॅनच्या टपावर भोंगा बांधून गावोगाव नाटकाची जाहिरात करत फिरणं हा दादांचा धंदा. गाडी चालवायला मी, बोलायला ते. भोंगा आपला दिसायला. एकदा आष्टीच्या अलीकडे बॅटरी बसली. दादांनी खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि तसेच बोलत राहिले. त्या नाटकाला अशा गावांतून बैलबंड्या भरून लोक आले, जिथं आम्ही गेलोच नव्हतो.

मग लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि एवढ्या मोठ्या आवाजातून एकच शब्द शिल्लक राहिला. हव.

आमच्याकडे हव म्हणजे हो. दादांचं मात्र सगळंच हव. चहा घेता काय? हव. नको ना चहा? हव. दुखते? हव. बरं वाटते ना आता? हव. आवाज तोच, खणखणीत, आतल्या खोलीतून भांडी वाजावीत असा. त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं, काय ठाम माणूस आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना समजतं सगळं, बोलायचंही वेगळंच असतं, पण तोंडापर्यंत येता येता प्रत्येक शब्दाचं हव होऊन जातं. हव म्हटल्यावर दादा स्वतःच दचकायचे आणि डाव्या हातानं हवेतलं काहीतरी पुसून टाकायचे. ते पुसणं म्हणजे 'नाही, हे नाही म्हणायचं मले'. घरातल्या माणसांना ते कळायचं. बाहेरच्यांना वाटायचं, माशी हाकलून राह्यले.

गडचिरोलीला एक मॅडम नागपूरहून आठवड्यातून एकदा यायच्या. बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या. दुपारी येऊन बसायच्या आणि अंधाराच्या आत परत निघायच्या. आमची पाळी सगळ्यात पहिली, कारण आम्ही सगळ्यात जवळचे. एटापल्ली-धानोऱ्याकडची माणसं एस.टी.नं उशिरा पोहोचायची, त्यांच्या पाळ्या नंतर. मॅडमनी कित्येक आठवडे दादांच्या ओठांवर बोट ठेवून, आरसा धरून, स्वतः बेडकासारखे गाल फुगवून त्यांच्याकडून एक 'मा' काढला. पुरता 'मा' नव्हे, म्हशीनं अर्ध्यात सोडलेला असावा तसा. पण तो हव नव्हता. वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पदरात तोंड घालून रडल्या. मॅडम म्हणाल्या, या काही महिन्यांत जेवढी जीभ वळेल तेवढी वळेल, नंतर माझ्याही हातात फार राहत नाही, आता खाडा नका करू.

आणि नेमकं तेव्हाच आमची गल्ली बंद झाली.

गल्ली म्हणजे काय, एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला धानाच्या बांध्या, मध्ये आमचं घर आणि घराला लागून शाळा. मोठ्या रस्त्यावरून सूरजागडच्या लोखंडी दगडाचे ट्रक जातात. ते मोजायला बसलेला एक माणूस अजून घरी परतला नाही म्हणतात. त्या ट्रकांच्या रांगेत अडकायला नको म्हणून लोकांनी बांधीकडच्या कच्च्या रस्त्यानं आमच्या गल्लीत घुसायला सुरुवात केली. मोटारसायकली, जीपा, कोणाची वरात. एके दिवशी शाळा सुटता सुटता एका गाडीनं एका पोरीच्या पाठीवरचं दप्तर ओढून नेलं. दप्तरच फक्त, पोरगी वाचली. पण दप्तराचा पट्टा तुटला नसता तर, हा विचार सगळ्या गावाच्या छातीत बसला. माझ्याही बसला. तेव्हा शाळा भरताना आणि सुटताना गल्ली गाड्यांना बंद, असं ठरलं. त्यात काही चूक होतं असं मी आजही म्हणत नाही.

फक्त सकाळची शाळा दुपारी सुटते आणि दुपारची तेव्हाच भरते. म्हणजे दोन बंद्या एकमेकींना चिकटून बसल्या, आणि त्यांची जी लांबलचक बंदी झाली ती बरोब्बर आमच्या गडचिरोलीला निघायच्या वेळेवर. बांधीकडून निघावं तर पाऊस लागलेला, तिकडे व्हॅन रुतायची.

पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाला दोन ड्रम, त्यांच्यावर आडवा बांबू आणि बांबूच्या मागे नारिंगी जाकीट घातलेली, गळ्यात शिटी अडकवलेली खिचडीवाली बाई. शाळेत पोरांची खिचडी शिजवते तीच. इतकी वर्षं कढईपाशी उभी राहिलेली बाई, तिला मुख्याध्यापक सरांनी बांबूपाशी उभी केली. मी व्हॅन थांबवली. शेजारच्या सीटवर दादा, मागे वहिनी.

मी पाटी वाचली. 'वाहनांस प्रवेश बंद.' मी म्हटलं, बाई, प्रवेश बंद आहे ना? मी कुठी प्रवेश करून राह्यलो? मी तर निघून राह्यलो. निघणं बंद असं कुठी लिहिलं आहे?

बाईनं पाटीकडे पाहिलं. तिला वाचता येत होतं, म्हणूनच ती घाबरली. म्हणाली, "भाऊ, मले कायले विचारता? मी शिटी आहो फक्त. पण तुमच्या घरून तर हव म्हटलं होतं."

"कोणं म्हटलं?"

"दादानंच. मास्तर आले होते घरोघरी, मी होती ना संगं. तुमच्या ओट्यावर दादा बसून होते. मास्तर म्हणे, दुपारी गल्ली बंद केली तर तुमची काही हरकत नाई ना? तर दादा म्हणे, हव. कसं मोठ्यानं म्हटलं. मास्तर म्हणे, असे लोक पाहिजेत गावात."

मी दादांकडे पाहिलं. दादा समोर बांबूकडे पाहत होते आणि त्यांचा डावा हात काचेवर काहीतरी पुसत होता, पुसतच होता.

म्हणजे झालं असं की सगळ्या गल्लीत हरकत असायला हवी असं एकच घर, आणि त्या घरानं सगळ्यांत मोठ्या आवाजात संमती दिली. इतर घरांनी नुसत्या माना हलवल्या म्हणे. एक दुकानदार तर थोडी कुरकुरही करणार होता, पण दादांचं हव पार त्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं आणि तो म्हणाला, लकव्याच्या माणसाला चालतंय तर मी कोण.

त्या दिवशी बांबू उठला तेव्हा आम्ही निघालो, ट्रकांच्या मागे लागलो आणि गडचिरोलीला पोहोचलो तेव्हा मॅडमची गाडी फाटकातून बाहेर पडत होती. त्यांनी काच खाली करून दादांना विचारलं, मा म्हणताय ना घरी? दादा काय म्हणाले ते सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात सकाळी, शाळा भरायच्याही आधी, निघालो. आता काय अडवता, म्हटलं. पण लकव्याचं शरीर म्हणजे ओल्या धानाचं पोतं. ते बाकड्यावर तासन् तास बसत नाही. पाळी आली तोवर दादा असे झोपले होते की मॅडमनी आरसा धरला तर आरसा घोरण्यानं धुरकट झाला. तास संपला. पुन्हा असं थकवून नका आणू, एवढंच मॅडम म्हणाल्या. पाळी मागे ढकला, असं मी कसं म्हणू? बाहेर एटापल्लीकडची एक म्हातारी बसली होती, तिच्या नवऱ्याचं पूर्ण तोंडच बंद होतं, आणि तिची परतीची गाडी एकच.

मग व्हीलचेअर आणली. म्हटलं, गाडी मोठ्या रस्त्यावर कोणाकडून तरी आणवू, दादांना खुर्चीवर ढकलत नेऊ. खुर्ची काही वाहन नाही. बाईनं बांबू वर केला, तिनं तरी आमच्यासाठी खूप केलं. पण आम्ही गल्लीच्या मध्यावर असताना सकाळची शाळा सुटली आणि दुपारची भरली. तुम्ही वैनगंगेचा पूर पाहिला असेल. हा पूर दोन्ही बाजूंनी एकदम येतो. खुर्ची एकदा फिरली, दोनदा फिरली, कोणीतरी दादांच्या मांडीवर पाण्याची बाटली ठेवली, आणि गर्दी ओसरली तेव्हा आम्ही आमच्याच ओट्यासमोर होतो, तोंड घराकडे करून. मोठ्या रस्त्यावरची गाडी ट्रकवाल्यांनी हॉर्न मारमारून केव्हाच हाकलून दिली होती.

आता मला चेव चढला. मी पाटी पुन्हा वाचली. खाली बारीक अक्षरांत 'मोटार वाहने' होतं. मोटार. मी शेजारच्या शेतकऱ्याकडे गेलो आणि त्याची बैलजोडी मागितली. व्हॅनचं इंजिन बंद, पुढे बैल जुंपलेले, आत दादा आणि वहिनी, आणि मी बोनेटवर बसून कासरा धरलेला. मोटार चालू नाही म्हणजे ती मोटार नाही, ती बंडी. बाईनं हे पाहिलं आणि तिच्या तोंडून शिटी गळून पडली. दोन-तीनदा तिनं ती उचलली, पण वाजवायची कशावर ते तिला कळेना. शेवटी तिनं बांबू उचलला.

बैलांनी मात्र पाटी वाचलेली नव्हती. त्यांना एकच रस्ता ठाऊक, घरून बांधीपर्यंत. मी मोठ्या रस्त्याकडे ओढतो, ते मान वळवून बांधीकडे. शाळेतल्या पोरांनी एवढा गलका केला की बैलांना वाटलं शर्यतीचा शंकरपट सुटला. गल्लीत उलटं वळून ते जे धावले, ते व्हॅनसकट गुडघाभर चिखलात जाऊन उभे राहिले आणि शांतपणे रवंथ करायला लागले. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, गडचिरोली आली काय?" वहिनींना अशा वेळी बोलू देऊ नये.

ट्रॅक्टर लावून व्हॅन बाहेर काढली. तोवर वाहतुकीचा एक हवालदार आलेला. कोणीतरी फोन केला असणार. त्यानं मला काही विचारलंच नाही, माझा चिखल पाहूनच त्याचं माझ्याविषयी मत झालं असावं. तो सरळ दादांच्या खिडकीशी गेला. मोठे दिसतात, घरचे कर्ते दिसतात, अशा हिशेबानं अदबीनं बोलायला लागला.

"काका, बंदीची पाटी पाहिली होती तुम्ही?"

"हव."

"तरी गाडी काढली?"

"हव."

"मुद्दाम?"

"हव."

हवालदार माझ्याकडे वळला. म्हणाला, "इतक्या वर्षांत असा खरं बोलणारा माणूस नाई पाह्यला मी." आणि पावती फाडली. मी समजावत होतो, साहेब, त्यांना तेवढंच बोलता येतं, त्यांना काहीही विचारा. तो म्हणाला, म्हणजे मी आता पुन्हा विचारू आणि ते पुन्हा हव म्हणतील, याचा मला काय उपयोग? बरोबरच होतं.

पण माणूस भला होता. जाता जाता सांगून गेला की अशा बंदीत गल्लीत राहणाऱ्याला, त्यातून आजाऱ्याला, सूट मागता येते. हक्क आहे तुमचा. शाळेत जाऊन मागा.

हक्क हा शब्द ऐकून माझी छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण समोरच्या घराच्या कौलावर जाऊन पडलं. दुसऱ्याच दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक सज्जन, हसतमुख, सगळं ऐकून घेणारे. म्हणाले, सूट आहेच, पण हरकत घ्यायची मुदत होती तेव्हा तुमच्या घरानं हरकत नाही असं सांगितलं. मी म्हटलं, सर, ते हव म्हणजे नाही होतं. सर म्हणाले, मग इतरांचं हव काय होतं, तेही मला पुन्हा विचारत फिरावं लागेल. शाळा समितीच्या बैठकीत आणा त्यांना, सगळ्यांसमोर विचारू.

बैठक तिसरीच्या वर्गात होती. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे कानाला लावून बसलेली. दादांना खुर्चीसकट फळ्याजवळ नेलं. वहिनींनी त्यांना नाटकाच्या हंगामात घालायचे तो निळा सदरा घातला होता. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि प्रेमानं विचारलं,

"तुम्हाले दुपारी गाडीची सूट पाहिजे काय?"

"हव."

मी सगळ्यांकडे पाहिलं. आता मिटलं, असं वाटलं. पण अध्यक्ष नियमाचा माणूस. त्यांनी दुसरी बाजूही विचारली.

"का राहू द्यायचं जसं आहे तसं?"

"हव."

वर्गात कुजबुज. मी उभा राहिलो. म्हटलं, 'तुम्ही कलेक्टर आहात काय?' असं विचारा त्यांना, पाहा काय म्हणतात. मागून एकानं खरंच विचारलं. दादांनी त्याच खणखणीत आवाजात हव म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं. दादाही हसले, त्यांचं हसू अर्ध्याच तोंडावर येतं. आणि मग डावा हात हवेत फिरायला लागला, फळ्यासमोर, पुसत, जोरजोरात पुसत, आणि त्यांच्या घशातून काहीतरी वर येत होतं, ओठ चिकटले होते, एकमेकांवर दाबले गेले होते, म-ची सुरुवात होती ती, मी शपथेवर सांगतो, मी इथं काही वाढवत नाही. पण बाहेर आलं तेव्हा ते हव होऊनच आलं. कोणी हसलं नाही. वहिनी त्यांचा हात धरून खाली घेत होत्या.

मग एक बाई उठली. तिच्याच पोरीचं दप्तर ओढलं गेलं होतं. ती माझ्याकडे न पाहता बोलली. "दादाले पाहून मले वाईट वाटते. पण आज यांची गाडी सोडाल, उद्या दवाखान्याचं नाव सांगून दुसरा येईल. माझी पोर त्या बांबूच्या भरवशावर घरी येते जी." माझ्या जन्मात मला उत्तर सुचलं नाही असं हे एकच वाक्य. बायको हयात असती तर तिनं हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवलं असतं.

तरी लोकांनी मन मोठं केलं. ठरलं की आमच्या व्हॅनला सोडायचं, माणसाच्या चालीनं, खिचडीवाली बाई पुढे चालेल आणि गाडी तिच्या मागे. फक्त नगरपंचायतीची आणि पोलिसांची मंजुरी यायला हवी. मी म्हटलं, यायला किती वेळ? सर म्हणाले, आपल्या बाजूनं तर आजच झालं.

आपल्या बाजूनं झालेलं दुसऱ्या बाजूनं व्हायला पाऊसकाळ उलटला. मंजुरी म्हणे इथून गडचिरोलीला गेली, तिथून परत आली, मग साहेब बदलले म्हणून पुन्हा गेली. मंजुरी दर आठवड्याला गडचिरोलीला जात होती, दादा जात नव्हते. मधल्या काळात दोन-तीनदा शाळेला सुटी होती तेव्हा आम्ही गेलो. मॅडमनी आरसा धरला, गाल फुगवले, दादांच्या ओठांवर बोट ठेवलं. 'मा' आला नाही. मॅडम दमल्या नाहीत, पण त्यांनी आरसा पर्समध्ये ठेवताना जरा हळू ठेवला. घरी आम्ही सगळे आरशासमोर बसून मा-मा करायचो. मी, वहिनी, अंगणातली बकरी. बकरीचा सगळ्यात चांगला जमायचा.

मंजुरी आली तेव्हा शेतात धान पिवळं पडलं होतं. काचेवर लावायचं स्टिकर मिळालं. आदल्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला. गडचिरोलीचं बसणं बंद केलं म्हणाल्या. पेशंट येईनासे झाले, कोणी दोन आठवडे येतं, मग येत नाही, जागेचं भाडंही निघत नाही. नागपूरला आणता येईल काय, विचारत होत्या. वहिनींनी मोबाईल दादांच्या कानाला लावला. मॅडम बराच वेळ बोलत होत्या. दादा मधूनमधून हव म्हणत होते. ते त्यांना काय म्हणत होते, देव जाणे.

नागपूर एवढ्या वळणांवर आहे की तिथं पोहोचेपर्यंत दादांची कंबर वाटेतच उतरून चहा प्यायला जाईल. एकदा नेलं होतं, चार दिवस ते उठले नाहीत. दर आठवड्याला ते होणार नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी दादांना निळा सदरा घातला. मी विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, तो दिवस आहे त्यांचा, ते सकाळपासून तयार आहेत. मी व्हॅन काढली. बांबूशी आलो तेव्हा बाईनं काचेवरचं स्टिकर पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला की जणू तिनंच ते चिकटवलं. तिनं बांबू उचलला, शिटी वाजवली आणि आमच्या पुढे चालायला लागली. पोरं दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून उभी राहिली. कलेक्टरच्या गाडीलाही एवढा मान मिळत नसेल. त्या दप्तरवाल्या पोरीची आईही तिथं होती, तिनं पोरीला स्वतःच्या मागे घेतलं आणि आम्हाला वाट दिली.

मोठ्या रस्त्यावर आलो. बाई परत फिरली. ट्रकांची रांग जात होती, धूळ उडत होती. दादांनी डावा हात वर केला आणि उजवीकडे दाखवला, गडचिरोलीकडे. मी इंजिन बंद न करता तसाच थांबलो. दादांचा हात तसाच वर होता.

दोन ट्रकांमध्ये जागा मिळाली तेव्हा मी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी पुन्हा गल्लीकडे वळवली.